नदीवर सदरा नाही

आमच्या घरात सदरा एकच होता, आणि तो माझा होता.

घरात माणसं चार. बा, माय, मी आणि किसन. किसन माझ्या चुलत्याचा पोरगा, माझ्यापेक्षा तीन वर्षांनी धाकटा. चुलता गोदावरीच्या पुरात गेला, चुलती त्याच्या मागं तापानं गेली, तेव्हापासून किसन आमच्यातच. आम्ही भोई. अंबड तालुक्यातले, नदीकाठचे. पाणी असेल तोवर नाव चालवायची, पाणी उतरलं की डोहात जाळं टाकायचं. सुगीला काठाकाठानं हिंडून दाणे मागून आणायचे. चैत्र लागला की कणगीत हात घातल्यावर तळ लागायचा. मग मासा आणि अंबाडीची भाजी. भाकर बाला, कारण वल्हं बा मारायचा.

मायला लुगडं एक. अर्धं वाळवायची, अर्धं नेसायची. बाला लंगोट. किसन तर नागडाच.

सदरा मांजरपाटाचा होता. मास्तरांनी सांगितलं होतं, उघड्या अंगाचं पोरगं वर्गात बसवणार नाही. मायनं बाजारात बसणाऱ्या शिंप्याला चार आठवडे मासे पुरवले, तेव्हा तो शिवून झाला. शाळेतून आलं की काढायचा, खुंटीला लावायचा. त्याला आम्ही घरातला पाचवा माणूस म्हणायचो. किसन त्याला हात लावून बघायचा आणि हात नाकाला लावायचा.

आणि नदीवर सदरा नाही. हा कायदा होता. कुठं लिहिलेला नव्हता, पण काठावरच्या प्रत्येक भोयाला आईच्या दुधाबरोबर माहीत. गाव देशमुखाचं, घाट देशमुखाचा, नावासुद्धा त्याच्याच लाकडाच्या. त्याच्या आज्यानं घालून दिलेला नियम असा की, वल्ह्यावर बसलेल्या भोयाच्या अंगावर कमरेच्या वर कापड नसावं. कारण काय, तर कुणी पाण्यात पडलं तर भोयाला लगेच उडी टाकता आली पाहिजे. कापड पाण्यात अडतं. कापड घातलेला भोई पोहू शकत नाही. हे इतक्या वेळा सांगितलेलं की आमच्यातली म्हातारी माणसंही तेच सांगायची. पौषात गोदेवरून वारा सुटला की बाच्या छातीची कातडी सुक्या चिखलासारखी फाटायची. माय करडीचं तेल चोळायची. त्या भेगांना आमच्याकडे नावच होतं, नदीचा अंगरखा.

देशमुखाला आम्ही सरकार म्हणायचो. इथं मी त्याला तो म्हणणार आहे.

दर वर्षी हुरड्याच्या दिवसांत त्याचं नदीवर जेवण असायचं. दोन मोठ्या नावा शेजारी शेजारी उभ्या करायच्या, आडवी लाकडं टाकून दोरानं आवळून बांधायच्या, वर फळ्या अंथरायच्या. याला सांगड म्हणतात. सांगडीवर गालिचे, लोड, वर कापडाचं छत. एका टोकाला शेगड्या. पाहुणे औरंगाबादहून, जालन्याहून यायचे, सरकारी अंमलदार, वकील. सगळे शेरवानीत. हे जेवण म्हणजे कपड्यांचंच असायचं. कुणाची शेरवानी कुठल्या कापडाची, कुणाच्या गुंड्या चांदीच्या, यावर जेवणापेक्षा जास्त बोलणं. दिवस कलला की सांगड सुटायची, देवळाच्या वळणापर्यंत जायची आणि दिवेलागणीला परत. वर ते जेवायचे. खाली, दोन्ही नावांच्या पोटात, आम्ही.

मी अकरा वर्षांचा होतो. माझं काम पाणी उपसण्याचं. फळ्यांच्या फटीतून नावेत पाणी येतं, ते डब्यानं बाहेर टाकायचं. त्या दिवशी मास्तरांनी उशिरा सोडलं. मी पळत आलो, सांगड सुटतच होती, उडी मारून नावेत बसलो आणि डबा हातात घेतला.

सदरा अंगावर होता. मी विसरलो होतो.

सांगड अर्ध्या पात्रात आल्यावर देशमुखानं खाली पाहिलं.

"हे कोण पाहुणं आलं?"

बानं वल्हं थांबवलं. "सरकार, माझं पोरगं हाय. शाळंतून आल्तं तसंच बसलं. इसरलं."

"इसरलं." देशमुख पाहुण्यांकडे वळला. "बघा साहेब. पाहुणा कापडात, भोई कापडात. मंग वळखायचं कसं आम्ही?"

पाहुणे हसले. एकाच्या तोंडात पान होतं, हसताना त्याची पिचकारी माझ्या गुडघ्यावर आली. मी सदरा काढायला गेलो. गुंडी निघेना. कारभारी खाली उतरला. देशमुखाचा कारभारी, हातात कायम वेताची छडी. त्यानं छडी उगारली, आणि मग काय मनात आलं, नाव बांधायच्या ओल्या दोराचं टोक उचललं आणि बाच्या हातात दिलं.

"तुझंच हाय. तूच शिकव."

बानं मला एक फटका मारला. हळू.

"हे मारणं झालं? परत."

बानं परत मारला.

"परत."

ओला दोर कसा लागतो ते ज्याला लागलाय त्यालाच कळतं. तो आवाज करत नाही. आधी थंड लागतो. सदरा पाठीवर फाटला, मग खाली कातडं. मी ओरडलो का, आठवत नाही. किती फटके, तेही आठवत नाही. बा मारत होता आणि प्रत्येक फटक्याला त्याच्या घशातून 'हं' असा आवाज येत होता, ओझं उचलताना येतो तसा.

मग कारभाऱ्यानं माझ्या अंगावरून सदरा ओढला आणि शेगडीवर टाकला. ज्या शेगडीवर कबाब होते त्या शेगडीवर. मांजरपाट जळताना काळा धूर निघतो. एका पाहुण्यानं नाकाला रुमाल लावला आणि म्हणाला, "बदबू आ रही है." तेव्हा तो अर्धा जळलेला सदरा छडीनं उचलून पाण्यात फेकला.

जेवण पुढं सुरू झालं. मला डबा परत उचलायला लावला. नावेच्या तळाचं पाणी लाल होत होतं आणि ते मी गोदेत टाकत होतो. बा पुढं बघून वल्हं मारत होता.

घरी मायनं हळद भरली. किसननं विचारलं, "बा, तू जोरात का मारलं दादाला?"

बा म्हणाला, "हळू मारलं असतं तर कारभाऱ्यानं मारलं असतं. त्यानं हाड मोडलं असतं."

एवढंच. या विषयावर आमच्या घरात पुढं दहा-बारा वर्षं कुणी बोललं नाही.

मी शिकलो. कसं शिकलो ते सांगत बसत नाही. उपकार फार थोड्यांचे आहेत. मास्तरांनी त्यांच्या पोराचा जुना कुडता दिला, म्हणून गावातली चौथी झाली. अंबडला मौलवी साहेबांनी उर्दू शिकवली आणि त्यांच्या ओट्यावर झोपू दिलं. जालन्याला सुट्टीच्या दिवसांत जिनिंगमध्ये कापसाच्या गठड्या वाहिल्या. नाकातोंडात कापूस, रात्री थुंकीत कापूस. मग हैदराबादचं कॉलेज. तिथं जेवणघरात शेरवानीशिवाय बसता येत नव्हतं. पहिला महिना मी सगळ्यांच्या आधी जाऊन आचाऱ्याजवळ उभ्यानं जेवलो. मग जुन्या कपड्यांच्या बाजारातून एक शेरवानी घेतली. काळी, जाड लोकरीची, कुण्या मेलेल्या माणसाची असावी. डाव्या काखेत कसर लागलेली. ती घालून मी आरशापुढं उभा राहिलो आणि खरं सांगतो, मला फार बरं वाटलं. पाठीवरचे वळ झाकले गेले होते. त्या शेरवानीत मी बी. ए. झालो. आमच्या काठावर माझ्याआधी कुणी सातवीही झालं नव्हतं. मला याचा गर्व आहे आणि तो मी लपवत नाही.

गावी आलो तेव्हा पोलीस ॲक्शनला अजून दोन वर्षं होती. बा म्हातारा दिसत होता. खोकत होता. अजून वल्ह्यावर होता, उघडा. शेजारी किसन, आता बाच्यापेक्षा उंच, तोही उघडा.

आठ दिवस झाले नसतील, कारभारी आमच्या झोपडीपुढं आला. मला तुम्ही म्हणाला. एकाच दमात बाला तू.

"उद्या सांगडीवर जेवायला या तुम्ही. तहसीलदार साहेब येऊन राह्यले. पेशकाराची जागा रिकामी हाय, सरकार तुमच्यासाठी शब्द टाकणार हाएत. आपल्या रयतेतला पहिला बी. ए., कौतुक हाय त्यांना. शेरवानी घालून या, बराबर. अन् तू," बाच्याकडे बघून, "दुपारीच नावा धुऊन ठेव."

तो गेल्यावर माय उठली, हात धुतले, माझ्या पेटीतून शेरवानी काढली आणि मांडीवर घेऊन बसली. तिच्या हातांना माशाचा वास. म्हणून ती बोटांनी नाही, मनगटानं कापड सपाट करत होती.

"उद्या घाल. मला काठावरनं बघायचंय," ती म्हणाली. "अन् गुंड्या समद्या लाव."

पेशकार म्हणजे तहसीलदाराचा कारकून; ती नोकरी म्हणजे काय, हे मला माहीत होतं. बाचं वल्हं सुटलं असतं. मायला दुसरं लुगडं. किसनचं लग्न. मला ती जागा हवी होती. मी काही साधू नव्हतो.

किसन चुलीपाशी बसून भाकर खात होता. म्हणाला, "घाल ना दादा. तू वर बोटं चाटशील, आम्ही खालून बघू. फक्त हाडूक फेकताना नेम धरून फेक. बाचं डोकं खाली असतं."

"गप रे," माय म्हणाली.

"गपच हाव. वल्ह्याला कुठं तोंड असतं."

बा दारात होता. तो न वळता बोलला. "पोरा, तू वर बैस. चांगलं खा. साहेबाशी उर्दूत बोल. माझ्याकडं बघायचं न्हाई. मी बी वर बघणार न्हाई."

बापानं मला सांगितलं, माझ्याकडं बघू नको. मला त्या नोकरीची किंमत तिथं कळली.

मी मायला म्हणालो, "कापड कापायची कात्री हाय का घरात?"

"कात्री कुठली. विळी हाय."

"मंग विळी आण. याच्या बंड्या शिव. बाला एक, किसनला एक."

तिला वाटलं मी थट्टा करतोय. मग तिनं माझं तोंड पाहिलं. तिनं शेरवानी छातीशी धरली, सोडेना. "लेकरा, ही तुझी बी. ए. हाय," ती म्हणाली. खरंच तसंच म्हणाली. मी तिच्या हातातून ओढून घेतली. ओढताना तिच्या हातातली बांगडी फुटली, मनगटातून रक्त आलं. ते मला आजही चांगलं वाटत नाही.

बा ओरडला, "मला नको बंडी. मी जन्मापासनं उघडा हाय. माझं काय वाईट झालं?"

मी सदरा काढला. त्याच्याकडे पाठ केली.

"हे कुणी मारलं?"

त्यानं तोंड दाराकडे वळवलं.

"बा, कुणी मारलं हे?"

"म्या."

"कशापायी?"

"सदऱ्यापायी."

किसननं खाणं थांबवलं होतं. बा पुढं आला, त्यानं माझ्या पाठीवर हात ठेवला नाही, काही नाही. मायला म्हणाला, "काखंत सैल ठेव. वल्हं मारताना आवळतं."

माय माशाच्या विळीवर ती शेरवानी कापायला बसली. लोकर जाड, विळीवर सरकेना, ती दोन्ही हातांनी दाबत होती. गळ्यापासून खाली उभी चिरली, बाह्या वेगळ्या केल्या, जसा मोठा मासा कापतात तशी. सकाळपर्यंत दोन बंड्या झाल्या. बाह्या नसलेल्या, पुढून उघड्या, नाड्यांच्या. माशाचा वास येणाऱ्या. सांगडीवर वल्ही चार असतात. उरलेले दोघे आमच्या भावकीतले होते. त्यांना मी माझे दोन सदरे दिले. ते आधी नको म्हणाले. मग बानं त्यांना काहीतरी सांगितलं. काय ते मला माहीत नाही.

माझ्यासाठी काही उरलं नाही. मला काही नको होतं.

दुसऱ्या दिवशी कपडे नावेच्या पोटात जाळ्याखाली ठेवले. चौघे नेहमीसारखे उघडे बसले. मी धोतर नेसलो आणि अंगाभोवती चादर गुंडाळून घाटावर गेलो. गालिचे पडले होते, शेगड्या पेटल्या होत्या. माय काठावर बायकांत उभी होती, मनगटाला चिंधी.

देशमुख हसून म्हणाला, "या बी. ए. साहेब. शेरवानी कुठं?"

"आणलीय. नावेत हाय. मध्ये गेल्यावर घालतो."

"हुशार हाय पोरगं. चिखलात मळू नये म्हून," तो तहसीलदाराला म्हणाला. तहसीलदार जाड माणूस, राखी रंगाची शेरवानी, गळ्यापर्यंत गुंड्या. त्यानं मला बघितलं नाही, चादर बघितली.

सांगड सुटली. वर लोड, पानदान, सुरई. फटीतून बाचं डोकं दिसत होतं. त्यानं कबूल केल्याप्रमाणे वर पाहिलं नाही. खोकला दाबत होता.

डोहावर आलो. तिथं पाणी काळं आहे, बांबूलाही तळ लागत नाही. देशमुख म्हणाला, "हां. आता घाला तुमची शेरवानी. साहेबांना दिसू द्या."

मी उभा राहिलो. "बा, घाल," म्हणालो.

चौघांनी वल्ही आत घेतली. जाळं बाजूला केलं. दोन काळ्या बंड्या, दोन पांढरे सदरे. बाला नाडी बांधता येत नव्हती, किसननं बांधली. मग मी चादर सोडली. मी उघडा होतो. सगळ्या शेरवान्यांच्या मधोमध, कमरेच्या वर एक धागा नाही, आणि पाठ तहसीलदाराकडे.

देशमुखाला म्हणालो, "सरकार, तुम्ही म्हणालते, पाहुणा कापडात, भोई कापडात, मंग वळखायचं कसं. आता वळखा."

तहसीलदारानं विचारलं, "ये क्या तमाशा है?"

देशमुखाचा चेहरा आधी पांढरा झाला आणि मग कानापर्यंत लाल. त्यानं नुसतं बोट दाखवलं. कारभारी खाली उडी मारून उतरला आणि बाच्या तोंडावर छडी मारली. बाचा ओठ फाटला. कारभारी बंडी ओढू लागला. बानं हात उगारला नाही. त्यानं दोन्ही मुठींनी बंडी छातीशी धरली, बस. छडी मुठींवर, छडी कानावर, छडी डोक्यावर. मुठी सुटल्या नाहीत. किसननं वल्हं उचललं आणि कारभाऱ्याच्या गुडघ्यावर घातलं. हाड वाजलं. तो नावेत आडवा पडला.

देशमुख स्वतः फळीच्या कडेला आला. त्यानं दोर उचलला, तोच नाव बांधायचा दोर, आणि बाच्या अंगावर फेकला.

"म्हाताऱ्या, पोरगं तुझंच हाय. शिकव."

बानं दोर हातात घेतला. तोंडातून रक्त गळत होतं. माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली नाही. त्यानं हात मागं घेतला आणि दोर नदीत टाकला. लांब.

देशमुखानं बाच्या तोंडावर लाथ मारली.

अंबडच्या कोर्टात मी सांगितलं की सांगडीचा दोर जुना होता, सुटला. आमच्यातल्या प्रत्येकानं तेच सांगितलं. आता खरं सांगतो. दोर मी कापला. जाळं सोडवायची सुरी बाच्या कमरेला असते. मी नावेत उतरून ती काढली, पुढच्या टोकाची बांधणी कापली. दोन नावा पुढून फाकल्या, फळ्या मधे खचल्या, आणि गालिचे, शेगड्या, ताटं, लोड, मधे बसलेले सगळे आणि कडेला उभा देशमुखही पाण्यात गेले. निखारे पाण्यात पडताना चर्र वाजले. कडेचे चारदोन जण नावेला धरून राहिले. देशमुख, तहसीलदार आणि एक वकील डोहात.

शेरवानी पाण्यात आधी फुगते. माणूस घागरीसारखा वर राहतो. मग ती पाणी पिते आणि खाली ओढते. गुंड्या गळ्यापर्यंत, ओल्या लोकरीतून हात हलत नाही. नियम खरा होता. कापड पाण्यात अडतं. पण ते त्यांना अडलं.

बा बंडीसह पाण्यात गेला. किसन बंडीसह. भावकीतले दोघे सदऱ्यांसह. तहसीलदाराला बानं कॉलरला धरून आणला, त्या वयात, फुटलेल्या तोंडानं. वकील किसनच्या हाताला लागला.

देशमुख माझ्या वाट्याला आला. मी त्याचे केस धरले.

"बघ तिकडं. कापड घालून भोई पोहतो का न्हाई?"

त्याला श्वास नव्हता. मी त्याला खाली दाबला. खरं सांगतो, दाबला. माझ्या मनात त्याला वर काढायचं नव्हतं. वर काढला, परत विचारलं. त्याच्या नाकातोंडातून पाणी येत होतं. परत दाबला. बा नावेवरून ओरडला, "पोरा, काढ त्याला. आपण भोई हाव. आपल्या हातनं माणूस बुडत न्हाई."

तिसऱ्यांदा विचारल्यावर देशमुख म्हणाला, "पोहतो." फक्त मला ऐकू गेलं. मला तेवढं पुरे होतं. मी त्याला नावेवर टाकला, जाळ्यातला मासा टाकतात तसा.

दुसऱ्या दिवशी सकाळी देशमुखाची माणसं आली. आमची झोपडी आणि शेजारच्या सात झोपड्या जाळल्या. जाळी जाळली. बाचं उजवं मनगट त्याच्याच वल्ह्यानं दगडावर ठेवून मोडलं. ते पुन्हा सरळ झालं नाही. किसनची एक बरगडी गेली. मला अंबडला कोठडीत टाकलं. तिथं मला रोज मारलं आणि मी रोज मोठ्यानं मोजलं, उर्दूत. खटला पुढं सरकलाच नाही, कारण तहसीलदारानं जबानी दिली नाही. एका भोयानं आपल्याला कॉलर धरून पाण्यातून ओढला हे त्याला कागदावर नको होतं. म्हणून मी सुटलो. न्याय झाला म्हणून नाही.

सुटून आलो तर काठावर एकही नाव चालत नव्हती. ते मी सांगितलेलं नव्हतं. बानं सांगितलं होतं, मोडलेला हात गळ्यात अडकवून, वरच्या आणि खालच्या घाटावर स्वतः चालत जाऊन. अंगावर ती काळी बंडी. "सदऱ्याबिगर वल्हं न्हाई." तिन्ही घाटांचे भोई उठले. देशमुखाचा ऊस पलीकडच्या काठावर वाळत होता, माणसं इकडे, गुऱ्हाळ इकडे. त्यानं परगावचे नावाडी आणले, पण डोहाच्या पाण्याची त्यांना माहिती नाही, एक नाव फुटली. आम्ही कंदमुळं आणि हातानं धरलेले मासे खाऊन दिवस काढले, उघड्यावर. उपाशीही काढले. आमच्या भावकीतलं एक तान्हं मूल त्या थंडीत गेलं. त्याच्या आईनं मला शिव्या दिल्या. मी ऐकून घेतल्या. तिचं बरोबर होतं.

होळीच्या आधी कारभारी लंगडत काठावर आला. लांबूनच म्हणाला, "घाला काय घालायचं ते. नावा काढा."

किसन म्हणाला, "इथं येऊन सांग. ऐकू येत न्हाई."

तो जवळ आला आणि परत सांगितलं.

पुढं पोलीस ॲक्शन झाली, निजाम गेला, जहागिऱ्या गेल्या. लोक म्हणतात तेव्हा आम्ही सुटलो. आम्ही त्याआधी दोन वर्षं सुटलो होतो.

मला पेशकारी मिळाली नाही. मी बदनापूरला शाळेत शिकवतो. परवा एका मोठ्या पुढाऱ्याच्या जेवणाचं बोलावणं आलं, कार्डावर छापलं होतं, शेरवानी किंवा काळा कोट. मी गेलो नाही. ज्या जेवणात पाहुण्यानं काय घालायचं हे छापलेलं असतं, तिथं वाढणाऱ्यानं काय घालायचं नाही हेही कुणीतरी ठरवलेलं असतं. मी आधी ते विचारणार. उत्तर मिळेपर्यंत माझं पान मांडू नका. आणि माझ्या वर्गात कुठल्याही पोराला, अंगात सदरा नाही म्हणून, मी बाहेर बसवत नाही.

देशमुख अजून जिवंत आहे. वाटेत भेटला की मान वळवतो. त्याला मी माफ केलेलं नाही. करणार नाही.

बाचं वल्हं आता किसनकडे आहे. आमच्या घाटावर, वरच्या घाटावर आणि खालच्या घाटावर भोई अंगात कापड घालून नाव चालवतो.